आजींचं संगमरवरी टेबल

आजी बहिणीकडे राहायला गेल्या आणि इकडे आजोबांना कामाचा भलताच हुरूप आला. बायको परत येईल तेव्हा तिने तोंडात बोट घातलं पाहिजे, असं ठरवून त्यांनी थेट तिच्या संगमरवरी टेबलालाच हात घातला.

ते टेबल म्हणजे आजींचा जीव की प्राण. मोठ्या हौसेने आणलेलं, पण त्यावर कधी कुणी जेवलं म्हणून नाही. घरदार स्वयंपाकघरात कोपराला कोपर लावून जेवायचं आणि टेबल बाहेर ऐटीत रिकामं. आजी ते रोज कोमट पाण्यात थेंबभर साबण घालून मऊ फडक्याने पुसायच्या, वर कोरडं करायच्या. "एवढे लाड कशाला? दगडच तो," आजोबा म्हणायचे.

लिंबाने पितळ लखलखतं, मग दगडाने काय घोडं मारलंय? आजोबांनी अर्धं लिंबू घेऊन मन लावून घासलं. पुसून बघतात तर ताटाएवढ्या जागेची चकाकी गायब. घाबरून त्यांनी आणखी घासलं.

"बाबा, थांबा," सून धावत आली. "संगमरवराला आंबट चालत नाही. हा डाग नाही, वरचा दगडच खाल्ला गेलाय. घासाल तेवढा वाढेल."

"मग काय करू?"

"आईंना खरं सांगा."

"त्यापेक्षा मीच तिच्या बहिणीकडे जाऊन राहतो."

दुसऱ्या दिवशी आजी आल्या. त्यांची नजर टेबलावर जायच्या आत आजोबांनी एका दमात सगळं ओकून टाकलं. आजींनी त्या जागेवरून बोट फिरवलं.

मग आजींनी खुर्ची ओढली आणि चक्क टेबलाशी बसल्या.

"सुटले बाई एकदाची," त्या म्हणाल्या. "कुणी साधा पेला ठेवला तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं. सगळ्यांनी मिळून जेवावं म्हणून आणलं होतं हो मी हे. जपता जपता तेच राहून गेलं."

आजोबांना इतका आनंद झाला, की त्यांनी स्वतःच ताटं मांडायला घेतली. त्या रात्री सगळे ऐसपैस बसले, हसले, सांडलंही. आजोबा संकोचून टोकाला बसायला निघाले, तर आजींनी त्यांचं ताट उचलून नेमकं त्या निस्तेज गोलावर ठेवलं.

"इथे बसा," त्या म्हणाल्या. "तुमची जागा तुम्हीच आखून ठेवलीत."