नव्या फ्रिजचा सूर

ऑर्झेलकाका आता नव्वदीचे. हात थरथरतात, डोळे गेलेत, कान मात्र शाबूत आहेत. मिसिसिपीतल्या आमच्या गावात त्यांचा अड्डा आहे. तिथे बिअर, तळलेले मासे आणि शनिवारी ब्लूजची गाणी. त्या शनिवारी दुपारी त्यांची गिटार कुणाकडे जाणार ते ठरायचं होतं. शहरातल्या संग्रहालयाचा माणूस दाराशी उभा होता. त्याला ती काचेच्या कपाटात ठेवायची होती, क्लिओटिसला वाजवायची होती. क्लिओटिस हा काकांचा चेला, वय अडुसष्ट.

"एक गाणं म्हण, पोरा," काका म्हणाले. "माझ्यासारखं आलं तर तुझी. नाहीतर जाऊ दे काचेत."

क्लिओटिसने तारा लावल्या. अड्ड्यातल्या जुन्या फ्रिजची घरघर, इतकी वर्षं तोच काकांचा सा, गिटार त्यावरच लागायची. क्लिओटिसच्याही कानात तोच बसलेला. मला संगीतातलं फारसं कळत नाही, पण पहिली ओळ मला तरी हुबेहूब वाटली.

"थांब. बेसूर."

"काका, नेहमीच्याच सुरात लावलीय. झोपेतसुद्धा चुकायचो नाही मी."

"गिटार नाही चुकली. खोलीशी जुळत नाहीये."

कुणीतरी फिसकन हसलं. क्लिओटिसचा चेहरा उतरला. मग त्याने हळूच मान वळवली. काकांच्या मुलीने, वर्लीनने, त्याच आठवड्यात नवा फ्रिज आणला होता.

"माझ्याकडे काय बघतोस?" वर्लीन म्हणाली. "जुन्यात बिअर गरम व्हायची. तुझ्या सुरापायी गिऱ्हाईकं घालवू?"

क्लिओटिस उठला आणि गुडघे टेकून नव्या फ्रिजला कान लावून बसला.

"नाडी लागते का, डॉक्टर?" मागून कुणीतरी ओरडलं.

नवा सूर बारीक होता, बराच वरचा. तारा चढवाव्या लागणार, आणि या वयात गळाही. आधी काय तुटतं तेच आम्ही बघत होतो. संग्रहालयाच्या माणसाने तर गिटारची पेटी उघडूनही ठेवली.

तारा कुरकुरत चढल्या, पण टिकल्या. क्लिओटिस गायला लागला. काकांसारखं ते मुळीच नव्हतं. वरच्या जागेवर आवाज फाटला, त्याने तो फाटकाच पुढे नेला. मी घाबरून काकांकडे पाहिलं. चेहरा दगडासारखा. पण त्यांचा बूट फळ्यांवर ठेका धरायला लागला होता.

गाणं संपलं. फ्रिज तेवढा त्याच सुरात गुणगुणत होता.

"वर्लीन," काका म्हणाले, "त्या साहेबांना रिकामी पेटी देऊन टाक. आणि मासे वाढ, लांबून आलेत बिचारे."