मंदिरातली गाठ

बिशप येणार म्हणून नेल्डाने पीच बरण्यांत भरायचं काम थांबवलं नाही. पीच कुणासाठी थांबत नाहीत. आज भरले नाहीत तर उद्या चिलटांच्या घशात जातात. शिवाय हा बिशप म्हणजे तरी कोण, तर शेजारच्या ऑल्सनांचा ट्रेंट. टर्की कोंबड्या पाळणारा, लाजरा, पोरवयात थेनकडे पियानो शिकायला येणारा. त्यांच्या पंथात बिशप गावातल्याच माणसांतून नेमतात; आता मंडळींनी ट्रेंटला केलं होतं. पगार नाही, मान मात्र भरपूर, आणि चाळिशीच्या आतच कपाळावर आठ्या पडल्या होत्या.

थेन, म्हणजे नेल्डाचा नवरा, समोरच्या खोलीत पलंगावर होता. यकृताच्या कॅन्सरपुढे डॉक्टरांनी हात टेकले होते आणि त्याला घरी पाठवून दिलं होतं. मुलं लांबच्या गावांहून येऊन, रडून, भांडून परत गेली होती. नेल्डाने पलंग खिडकीपाशी ओढून घेतला होता, म्हणजे पडल्या पडल्या त्याला टेकडीवरचं त्यांच्या पंथाचं मंदिर दिसेल. मँटाय गावात कुठल्याही खिडकीतून ते दिसतंच म्हणा, पण थेनला ते पुरतं दिसायला हवं असायचं, पायथ्याच्या हिरवळीसकट.

त्या मंदिरात पंचेचाळीस वर्षांपूर्वी दोघांची गाठ बांधली गेली होती. मरेपर्यंतची गाठ नव्हे. तशी तर कचेरीतला कारकूनही बांधून देतो. ही मरणापलीकडची, अनंतकाळाची. नेल्डाला तेव्हा एकविसावं नुकतंच संपलं होतं आणि अनंतकाळ म्हणजे काय याचा तिला पत्ता नव्हता. तिला एवढंच माहीत होतं, की चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या त्या उंच, हळुवार मुलाने गावातल्या सगळ्या मुली सोडून आपल्याला मागणी घातली आहे.

सकाळी थेनने दार लोटून घेऊन फोन केला होता. नेल्डाला वाटलं, अंत्यविधीच्या वेळची भजनं ठरवायची असतील. त्या बाबतीत तो कुणाचं ऐकायचा नाही. ट्रेंट आला, टोपी हातात घेऊन आत गेला. थोड्या वेळाने नेल्डा सोललेल्या पीचची वाटी घेऊन खोलीकडे निघाली, तर दारातच तिच्या कानावर थेनचा आवाज पडला.

"ट्रेंट, मला आमची गाठ सोडवून घ्यायची आहे. मी जायच्या आत."

नेल्डा होती तिथेच थांबली.

मग थेनने त्याला सगळं सांगितलं. जे त्याने आजवर एका जुन्या बिशपला आणि बायकोला सोडून कुणालाही सांगितलं नव्हतं, ते या पोराला सांगितलं. बायकोला सांगितलं होतं लग्नाच्या अकराव्या वर्षी, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून, स्टिअरिंगकडे बघत. की बाईमाणसासाठी पुरुषाच्या मनात जे उठतं ते त्याच्या मनात कधी उठलंच नाही. जे उठलं ते पुरुषांसाठीच. की धर्मप्रचाराची दोन वर्षं करून आल्यावर हे त्याने त्या वेळच्या बिशपला सांगितलं, तेव्हा बिशपने खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, चांगली मुलगी बघ, लग्न कर, आपोआप विरघळून जाईल. महिन्याच्या आत त्याने नेल्डाला मागणी घातली.

नेल्डाने पहिली गोष्ट पचवली. कशी, ते तिलाच ठाऊक. न्हाणीघरात नळ सोडून ती रडली, मग डोळ्यांवर पाणी मारून स्वयंपाकाला लागली. पण दुसरी गोष्ट तिच्या घशात अडकली ती कायमचीच. औषधाच्या दुकानात चिठ्ठी देऊन माणूस पाठवावा तसा तिच्या दारात नवरा पाठवला गेला होता, आणि ते औषध म्हणजे ती होती.

थेनने वाकडं पाऊल कधी टाकलं नाही. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या पायाची नखं त्याने कापली. ती गायनवृंदात उभी असली की तो मुद्दाम एक सूर लांबवायचा, तिला हसू यावं म्हणून, आणि बाकीच्या बायकांना वाटायचं ऑर्गन जुना झालाय. असा नवरा गावात दुसरा नव्हता. आणि तरीही रात्री तो तिच्याकडे पाठ करून नव्हे, तोंड करून झोपायचा, आणि त्या तोंडावर माया असायची, फक्त माया. नेल्डाला त्या मायेचा कधीकधी भयंकर राग यायचा.

"ब्रदर सोरेनसन," आत ट्रेंट चर्चच्या रिवाजाप्रमाणे हाक मारून बोलत होता, "याची काही गरज नाही हो. तुम्ही सगळं पाळलंत. मनातली ओढ म्हणजे पाप नव्हे, तिच्यामागे जाणं पाप, आणि तुम्ही गेला नाहीत. पुनरुत्थानाच्या दिवशी देह परत मिळेल तो निर्दोष मिळेल, डोक्यावरचा केसही हरवणार नाही. ही ओढ तिथे नसेल. तुम्ही बरे व्हाल."

"आणि नाही झालो तर?" थेन म्हणाला. "तर ती अडकली माझ्यापाशी, अनंतकाळ. इथली तिची वर्षं मी खाऊन बसलोय. तिकडे तरी तिला धड नवरा मिळू दे. माझ्याशी बांधलेली राहिली तर तिला दुसरा मिळायचा नाही."

"धड नवरा मागितला कुणी?"

दोघांनी दचकून दाराकडे पाहिलं. नेल्डाने वाटी टेबलावर आदळली. पीचचा रस सांडला.

"सिस्टर सोरेनसन, मी यांना तेच समजावत होतो..."

"काय समजावत होतास, ट्रेंट? हा मला परक्याच्या हाती देऊन मोकळा होतोय, आणि तू याला बरा करून मला परकाच आणून देतोयस. दोघांनी मिळून माझं ठरवून टाकलंत! मला विचारलं कुणी?" रागाच्या भरात बिशपला अरेतुरे केल्याचं तिच्या लक्षात आलं, पण आता तोंडातून निघून गेलं होतं. "एक सांग. इथे माणसामाणसांत जसं नातं असतं तसंच तिथेही असेल, वर तेज चढेल एवढंच, असं आपल्या ग्रंथात आहे की नाही?"

"आहे."

"आणि इथून जाताना जो जीव असतो, तोच तिथे असतो, हेही आहे?"

"आहे. पण ते पश्चात्तापासाठी म्हटलंय, की सुधारणा पुढे ढकलू नका..."

"असू दे. तू बारा वर्षांचा असताना रडत आमच्या दारात उभा होतास. पोरं चिडवत होती, पियानो वाजवतो म्हणून. तुझ्या बापाला कळलं नाही तुला काय होतंय. याला कसं कळलं?"

ट्रेंट टोपीची कड चाचपत राहिला.

"याच्या मनातल्या ज्या जागेतून कळलं ती जागा तुम्ही तिकडे कापून टाकणार. मग उरतो तो कोण? मी त्याला ओळखत नाही. त्याने माझी नखं कापलेली नाहीत."

"मला शिकवलंय तेवढंच मी बोलू शकतो," ट्रेंट हळूच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते; वाईट नव्हता बिचारा. "लग्न पुरुषाचं आणि स्त्रीचंच, ती देवाची योजना आहे, ती काही मी..."

"ते भिंतीवर लिहिलंय. रोज पुसते मी ती काच."

समोरच्या भिंतीवर चर्चने काढलेला कुटुंबाचा जाहीरनामा चौकटीत लटकत होता, प्रत्येक घरात असतो तसा. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

निघताना ट्रेंटने सांगितलं, की गाठ सोडवायची तर चर्चच्या वरिष्ठांना लिहावं लागतं आणि बायकोचंही म्हणणं लागतं. उद्या रविवारची प्रभुभोजनाची भाकर आणि पाणी घेऊन येईन, तेव्हा काय ते सांगा. दारातून त्याने एकदा वळून थेनकडे पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटलं असेल, आणि गेला.

"फाडून खाल्लंस त्याला," थेन म्हणाला.

"दोन हजार टर्की सांभाळतो. सोसेल."

थेन हसायला गेला आणि दुखणं उठलं. नेल्डाने त्याच्या पाठीखाली उशी सारली. कळ ओसरेपर्यंत ती त्याचा हात धरून बसली.

"नेल्डा," तो म्हणाला, "कुणीतरी तुझ्यासाठी झुरायला हवं होतं. मला ते जमलं नाही. आता मरताना खोटं कसं बोलू?"

पूर्वी असा विषय निघाला की ती म्हणायची, असू दे रे, काय कमी आहे मला. आज तिने तसं म्हटलं नाही.

"हो, हवं होतं," ती म्हणाली. "अजून हवंय. या वयातही हवंय, लाज वाटते सांगायला. तू चांगला आहेस म्हणून ते मिटत नाही, थेन. उलट तू वाईट असतास तर बरं झालं असतं."

त्याने मान हलवली. त्याला हे माहीत होतं, पण ऐकलं आजच.

"आणि गेल्या नाताळात पेपरात तो फोटो आला होता," ती पुढे म्हणाली. "कोर्टाने मोकळीक दिली म्हणून एकमेकांशी लग्न करायला कचेरीत उभे राहिलेले ते दोघे म्हातारे. तू किती वेळ बघत होतास. मग पेपर पालथा घातलास. मी स्वयंपाकघरातून पाहिलं."

"राग आला तुला?"

"हेवा वाटला."

"कसला?"

"त्यांना कुणी पाठवलं नव्हतं."

थेनने डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांखालून पाणी कानाकडे ओघळलं. नेल्डाने ते पुसलं नाही.

"म्हणून तर म्हणतो, सोडवू दे गाठ."

"सोडव नाहीतर ठेव, गाठीचं मला काही नाही. पण तू मला विचारलेलं नाहीस. कधीच नाही. मागणी घातलीस त्या दिवशी विचारलं ते त्या जुन्या बिशपने, तोंड तेवढं तुझं होतं."

स्वयंपाकघरात गार होणाऱ्या बरण्यांची झाकणं टक् टक् करत घट्ट बसत होती. मंदिरावर ऊन तिरपं झालं होतं. नेल्डाला वाटलं थेनला झोप लागली. तेवढ्यात तो म्हणाला, "कंगवा दे."

तिने दिला. "मी विंचरू?"

"नको."

दोनदा कंगवा पांघरुणात पडला, पण त्याने भांग पाडला, तरुणपणी पाडायचा तसाच, डाव्या बाजूला. मग शर्टाचं वरचं बटण लावायला गेला. ते काही जमेना, तेव्हा नाद सोडला.

"नेल्डा," तो म्हणाला, "या वेळी मला कुणी पाठवलेलं नाही. मी बहुतेक असाच राहणार. झुरणं मला तिकडेही जमेल असं सांगवत नाही. पण भजनात सूर लांबवल्यावर कोण हसतंय ते बघायला मान वळवली, आणि तिथे तू नसलीस, तर मला ते नको. तिकडे माझ्याबरोबर राहशील?"

हे ऐकायला आपण इतकी वर्षं थांबलो होतो हे नेल्डाला तेव्हा कळलं. लगेच हो म्हणावं असंही तिला वाटेना. तिने वाटी उचलली, पीचची एक फोड त्याच्या ओठांशी धरली. त्याने नुसता रस चोखला.

"आणि माझ्या वाट्याचं काय? जे राहून गेलं त्याचं?" ती म्हणाली.

"ते मला माहीत नाही."

"मी वर गेल्यावर विचारीन. देवपित्याला नाही, तिथल्या आईला, त्याच्या बायकोला. तिलाही कुणी काही विचारत नाही; तिला वेळ असेल."

थेन वाट बघत होता. एकवीस वर्षांच्या नेल्डाकडे त्याने असं कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा त्याला फक्त एकदाचं हो ऐकून सुटायचं होतं.

"येईन," ती म्हणाली. आणि लगेच पुढचंही बोलून टाकलं. "पण बरा होऊन आलास, तर मी ओळख दाखवणार नाही."