पांढऱ्या चिंधीचा कोंबडा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावर गुलाब रंगवलेले होते आणि पोटात बिस्किटे होती. बिस्किटे आठवड्यात संपली. घरच्या बाई शिवणकाम करतात, त्यांनी माझ्यात बटणे ठेवली. पुढे झाकण हरवले आणि मी कोंबड्यांच्या दाण्याचा डबा झालो. तेव्हापासून माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीत, परसाच्या बाजूला.

बाईंनी अंड्यांसाठी पंधरा पिल्ले आणली होती. त्यांतले आठ कोंबडे निघाले! एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, इथे तर आठ. रोज मारामाऱ्या आणि रोज शेजाऱ्यांची बोलणी. शेवटी कोंबडे वेगळ्या जाळीत ठेवायचे, भरडलेला मका घालून पोसायचे आणि एकेक करून घरीच खायचे, असे ठरले. मी खडखडलो की सगळे पंख पसरून धावत येत. मला अभिमान वाटे आणि भीतीही वाटे, कारण ते कशासाठी पोसले जात आहेत हे मला माहीत होते, त्यांना नव्हते.

बाईंची एक पद्धत होती. ज्याची पाळी त्याच्या पायाला आदल्या संध्याकाळी लाल चिंधी बांधायची, त्याला टोपलीखाली ठेवायचे आणि नुसते पाणी द्यायचे, म्हणजे सकाळी पोट रिकामे असते. कापण्याचे काम सासूबाईंचे. त्यांची नजर अधू झालेली, पण हात पक्का. चिंधी त्या बोटांनी चाचपून ओळखत. तीन कोंबडे असेच गेले. कुणाचे हाल झाले नाहीत आणि ताटात काही वायाही गेले नाही.

मग घरात अबोला आला. घरधनी नळदुरुस्तीचे काम करतात. त्यांनी बाईंच्या कापड कापायच्या कात्रीने नळाचे रबर कापले, आणि दोन दिवस नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. त्यातच एक कोंबडा घरघरू लागला. जनावरांच्या डॉक्टरांनी औषध दिले आणि पंधरा दिवस त्याचे मांस कुणी खायचे नाही असे बजावले. सकाळी घरधन्यांनी औषध माझ्यातच मक्यात कालवले. तो कडू वास अजून माझ्या पत्र्यात आहे. खाऊ घालून त्यांनी खुणेसाठी त्याच्या पायाला पांढरी चिंधी बांधली, त्याला टोपलीखाली ठेवले आणि ते कामाला गेले. बायकोला सांगायचे तर आधी बोलावे लागले असते.

बाई लेकीला आणायला स्टँडवर गेल्या होत्या. लेकीला पाचवा महिना होता. टोपली पालथी म्हणजे कुणाची तरी पाळी, असे समजून सासूबाईंनी तिच्याखाली हात घातला. बोटांना चिंधी लागली. मग त्यांनी कोंबड्याच्या गळ्याखालची दाण्यांची पिशवी चाचपली. ती भरलेली होती.

"याला खायला कोणी घातलं? उपाशी ठेवायचंही भान नाही या लोकांना!"

मित्रांनो, मी ओरडलो असतो हो! पण डबा दुसऱ्याने हलवल्याशिवाय वाजत नाही.

बाई आल्या तेव्हा कोंबडा साफ होऊन पातेल्यात पडला होता. त्या चक्क हसल्या. "मी नाही हो बांधली चिंधी. लेक येणार म्हणून बापानंच बांधली असेल. बोलत नाहीत, पण मनात आहे सगळं." त्यांनी रस्सा मन लावून केला.

दुपारी घरधनी दारात आले तेव्हा लेक जेवायला बसली होती.

"कुठला कापला?"

"तुम्हीच चिंधी बांधलीत ना?"

"अगं, ती पांढरी होती! त्याला औषध दिलंय मी!"

लेकीचा हात थांबला. "बाबा, मी दोन घास खाल्ले."

सासूबाई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. पातेले परसातल्या खड्ड्यात रिकामे झाले. तो कोंबडा जिवानिशी गेला आणि कुणाच्या अन्नालाही लागला नाही, याचे मला फार वाईट वाटते. लेकीच्या डॉक्टरांनी फोनवर औषधाचे नाव दोनदा विचारले. ते म्हणाले, "बहुतेक काही होणार नाही. पण लक्ष ठेवा. पोटात दुखलं तर लगेच घेऊन या."

मित्रांनो, आम्हा डब्यांना तोंड नाही, कोंबड्यांना कुणी विचारत नाही आणि चिंधीचा रंग बोटांना कळत नाही. तोंड फक्त तुम्हाला आहे. भांडा, रुसा, पण चुलीवर चढणाऱ्या अन्नाबाबत अबोला धरू नका. लेक आतल्या खोलीत झोपली आहे. नवरा-बायको दाराशी बसून आता सारखे बोलत आहेत, अगदी हळू आवाजात, ती जागी होऊ नये म्हणून.