लांब बाह्यांचं पोलकं

धुरपताबाईला लकवा मारला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डाव्या हातानं ती पदर सावरायची, माशी हाकलायची, काही हवं असलं की खाटेच्या कडेवर थापटायची. बाकी सगळं तिची सून चंचल करायची. आंघोळ, वेणी, औषध, कालवलेला भात, ओली झालेली चादर.

नालवाडीच्या त्या गल्लीत चंचलचं नाव आदरानं घेतलं जायचं, आणि पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी भरणाऱ्या ख्रिस्ती मंडळीत तर जास्तच. कारण धुरपताबाईनं सुनेला कसं वागवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. चंचलला मूल झालं नाही. सासूनं तिच्यासमोर मुलासाठी दुसऱ्या पोरी पाहिल्या. नणंदेच्या डोहाळजेवणाला, वांझेची सावली नको म्हणून, तिला मागच्या खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. धुरपताबाई बहिणीशी गोंडीत बोलायची आणि दोघी हसायच्या. चंचलला गोंडी येत नव्हती, पण आपल्याबद्दलच बोलणं चाललंय एवढं तिला कळायचं.

त्या दिवसांत मागच्या गल्लीतली शकुबाई तिला प्रार्थनेला घेऊन गेली. शकुबाई विधवा, तोंडानं फटकळ. तिथं चंचल पहिल्यांदा मोकळेपणानं रडली. पुढं तिचा नवरा कुंदनही यायला लागला, त्याची दारू सुटली, दोघांनी बाप्तिस्मा घेतला. कुंदन मंडळीत ढोलक वाजवू लागला. धुरपताबाई दोघांनाही शिव्या घालत राहिली, आणि एक दिवस न्हाणीत पडली ती बोलायचीच बंद झाली.

"जिनं एवढं छळलं, तिचं गू-मूत काढते ही पोरगी," पास्टर नीलेश उपदेशात सांगायचे. "प्रभूचं प्रेम आणखी काय असतं?"

चंचल मान खाली घालून बसायची. लोकांना वाटायचं, किती नम्र आहे.

पहिल्यांदा घडलं ते जेवताना. धुरपताबाईनं तोंडातला घास चंचलच्या अंगावर थुंकला. मुद्दाम थुंकला की गिळताच आला नाही, कोण सांगणार? चंचलचा हात आपोआप गेला आणि तिनं सासूच्या दंडाला, आतल्या मऊ बाजूला, कचकचीत चिमटा घेतला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. घशातून नुसता "आं, आं" असा आवाज निघाला. आणि चंचलच्या छातीत काहीतरी गार झालं. उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. त्या गारव्याचीच तिला नंतर भीती वाटली.

ती चुलीपाशी जाऊन गुडघ्यावर बसली. "प्रभू, माफ कर. पुन्हा नाही होणार." उठली तेव्हा तिला खरंच वाटलं, संपलं.

ते संपलं नाही. त्याच आठवड्यात पुन्हा झालं. मग कधी चिमटा, कधी हिवाळ्यात गार पाण्याची आंघोळ, कधी म्हातारी कडेवर थापटत असताना ऐकूनही बाहेर धुणं वाळत घालत राहणं. चिमटा ती नेहमी डाव्या दंडालाच घ्यायची. उजव्याला काही कळत नव्हतं. हे आपल्याला ठाऊक आहे आणि आपण ते लक्षात ठेवतो, या विचारानं तिला एकदा भरदुपारी ओकारी झाली. तरी दुसऱ्या दिवशी हात डाव्या बाजूलाच गेला.

काळेनिळे डाग दिसू नयेत म्हणून तिनं सासूला मनगटापर्यंत बाह्या असलेली सुती पोलकी शिवली. मंडळीतल्या बाया भेटायला आल्या की म्हणायच्या, "किती टापटीप ठेवलं हो सासूले! अंग सुद्धा उघडं पडू देत नाई."

चंचलनं शुक्रवारचा उपास धरला. खाटेसमोरच्या भिंतीवर बायबलमधल्या वचनाचा कागद चिकटवला. सासूजवळ जाण्याआधी डोळे मिटून प्रार्थना म्हणायची. प्रार्थना चालू असायची आणि त्याच वेळी मागच्या खोलीची कडी वाजल्याचा आवाज कानात यायचा. देवाजवळ ती रोज रडत होती, रोज माफी मागत होती, आणि रोज तेच करत होती. कधी तिला वाटे, आपला बाप्तिस्मा खोटाच असला पाहिजे. पाण्यात आपण नुसत्या भिजलो.

अशातच पास्टर नीलेशनी सांगितलं, "ताई, येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून तुम्ही साक्ष द्या. सेवेबद्दल बोला."

"मले नाई जमणार, पास्टर."

"जमेल. देव शब्द देईल."

दुसऱ्या दिवशी चंचल पास्टरांच्या घरी गेली. त्यांच्या आई प्रमिलाबाई अंगणात गहू निवडत होत्या. अमरावतीच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, बोलणं शांत. बायकांच्या प्रार्थना त्याच घ्यायच्या. चंचल सुपाजवळ बसली.

"बाई, मी साक्ष देऊ शकत नाई. मी आईले... मी आईले त्रास देतो."

प्रमिलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "अगं, थकली आहेस तू. इतकी सेवा करायची म्हणजे माणूस चिडणारच. मीसुद्धा माझ्या सासूवर ओरडायचे."

"ओरडणं नाई, बाई."

"मनाला लावून घेऊ नकोस. सैतान असाच दोषी ठरवतो आपल्याला." त्यांनी चंचलच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला बळ मिळावं म्हणून मोठी, सुंदर प्रार्थना केली. चिमटा हा शब्द चंचलच्या ओठांपर्यंत आला होता. प्रार्थना संपेपर्यंत तो परत गेला. ती आमेन म्हणाली आणि घरी आली.

त्याच संध्याकाळी तिनं चादर बदलली, आणि लगेच म्हातारीनं ती पुन्हा घाण केली. चंचल नवी चादर ओढत होती. धुरपताबाईनं घाबरून डाव्या हातानं तिचा पदर धरला. चंचलनं तो हात मनगटात धरला आणि पिरगाळला. म्हातारीचं तोंड उघडलं, पण या वेळी आवाजसुद्धा निघाला नाही.

कुंदन घरी आला तोवर मनगट टम्म सुजलं होतं. तो सावंगीच्या एका कॉलेजची बस चालवायचा. त्यानं कपडेही बदलले नाहीत, ऑटो बोलावला आणि आईला सावंगीच्या दवाखान्यात नेलं. चंचल सोबत गेली.

डॉक्टर तरुण होती. तिनं हात हळूच फिरवून पाहिला. "कसं झालं हे?"

"खाटेवरून पडली असन," कुंदन म्हणाला. "मी तं ड्युटीवर होतो."

डॉक्टर धुरपताबाईकडे वाकली. "आजी, पडलात का तुम्ही?"

धुरपताबाईनं आधी चंचलकडे पाहिलं. मग मान हलवली. हो, पडले.

ती नजर चंचलनं ओळखली. मागच्या खोलीतून बाहेर काढल्यावर ती स्वतः सासूकडे अशीच बघायची. काही झालंच नाही, असं दाखवत. घरी परत यांच्यासोबतच जायचं आहे, हे ठाऊक असलेली नजर.

हाताला पट्टी बांधेपर्यंत चंचल बाहेर बाकावर बसली. कुंदन शेजारी येऊन बसला तेव्हा म्हणाली, "आई पडल्या नाई. म्या मुरगळला हात."

"काय म्हणून राह्यली?"

"आज नाई फक्त. लय दिवसांपासून करून राह्यली मी. पोलक्याच्या बाह्या वर करून पाहा."

कुंदन समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. त्यानं विचारलं, "काऊन?"

"मले नाई माहीत. सोडतो म्हणतो अन् सुटत नाई."

"कोणाले सांगजो नोको," तो हळू आवाजात म्हणाला. "मंडळीत तं नाईच नाई. लोकं काय म्हणतीन? येशूले मानतात अन् घरात हे धंदे करतात."

घरी आल्यावर त्यानं स्वतः आईला भात भरवला. पहिल्यांदाच भरवत होता, अर्धा भात गळ्यावर सांडला. मग बाही वर करून पाहिलं आणि खाली केली. नाचणगावच्या बहिणीला फोन लावला, काही दिवस मायला घेऊन जातेस का म्हणून. बहीण म्हणाली, माह्या सासरी कसं चालन, दादा?

सकाळी कुंदन बसच्या चाव्या हातात घेऊन दारात उभा राहिला. आत खाटेवर आई होती, ओट्यापाशी बायको. सुट्टी मागावी तर किती दिवस? बाई ठेवावी तर कुठून आणायची? चंचलकडे त्यानं असं पाहिलं की ती मार खाल्ल्यासारखी भिंतीला टेकली. मग तो गेला. बसला उशीर होत होता.

घरात दोघीच उरल्या. म्हातारी डोळे उघडे ठेवून पडली होती. चंचल खाटेच्या जवळसुद्धा गेली नाही. तिनं पायांत चप्पल सरकवली आणि मागच्या गल्लीत शकुबाईकडे गेली. शकुबाई भांडी घासत होती. चंचल उभ्याउभ्याच बोलली. चिमटा म्हणाली, गार पाणी म्हणाली, हात मुरगळला म्हणाली. एकही शब्द गिळला नाही.

शकुबाईनं राखेचे हात धुतले नाहीत. तशीच उठून चंचलच्या घरी आली, धुरपताबाईची बाही वर केली, आणि खाटेच्या पायथ्याशी मटकन बसली.

"मले तुयाकडे पाहू वाटत नाई," ती म्हणाली.

"मले बी नाई वाटत," चंचल म्हणाली.

"देवाजवळ मांडलं का?"

"रोज मांडतो, बाई. मांडून उठतो अन् हात तिकडंच जाते. मी काय करू? तुम्हीच सांगा."

शकुबाईनं पदरानं नाक पुसलं. म्हणाली, "आंघोळीच्या अन् जेवणाच्या टायमाले मी येत जाईन. मी नसली तं तू तिले हात लावजो नोको. दार उघडं ठेवजो. अन् मंडळीत तुले साक्ष द्यायची हाय ना? हेच सांग."

रविवारी चंचल उभी राहिली. तिला वाटलं होतं शब्द सुचतील. सुचले नाहीत. "तुम्ही मले चांगली समजता," ती म्हणाली. "मी आईले चिमटे घेतो. त्यायचा हात बी म्याच मुरगळला. म्या देवापासून लपवलं नाई, पण तुमच्यापासून लपवलं, अन् लपलं म्हणून चालत राह्यलं. मले एकटीनं सुटत नाई."

मागच्या रांगेतली एक बाई मुलाला उचलून बाहेर निघून गेली. कुंदनचे हात ढोलकावर तसेच पडून राहिले. पास्टर नीलेश पुढं आले, "आपण प्रार्थना करू" म्हणाले, डोळे मिटले, आणि त्यांना काही बोलताच आलं नाही. त्या शांततेत प्रमिलाबाई जागेवरून उठल्या आणि चंचलच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी या वेळी डोक्यावर हात ठेवला नाही. "तू सांगायला आली होतीस," एवढंच त्या म्हणाल्या. "मी ऐकलं नाही."

नंतर काही लोकांनी चंचलशी बोलणं सोडलं. गल्लीतही बातमी गेली. कुंदन घरात कामापुरतं बोलायचा, रात्री आईच्या खाटेजवळ जमिनीवर अंथरूण टाकायचा. प्रमिलाबाई आठवड्यातून दोनदा यायला लागल्या, शकुबाई रोज. चंचलनं सासूचे पाय धरले. "आई, मले माफ करा." धुरपताबाईनं पट्टीचा हात छातीशी घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"देवानं माफ केलं असन," शकुबाई बाहेर आल्यावर म्हणाली. "सासूची माफी तू मागून घेऊ शकत नाई. देतीन तवा देतीन. नाई बी देणार."

चंचलला ते कळत होतं. दंडावरचे डाग पिवळे पडत पडत गेले. पण ती ताट घेऊन जवळ गेली की म्हातारी अजून खांदे आवळायची, आणि तिचे आवळलेले खांदे पाहिले की चंचलच्या पोटात पुन्हा तोच जुना राग उठायचा. राग गेला नव्हता. त्याचं तिला सगळ्यात वाईट वाटायचं. आता एवढंच होत होतं की ती मोठ्यानं शकुबाईला म्हणायची, "बाई, वाटी घ्या तुम्ही," आणि अंगणात जाऊन ओसरीच्या खांबाला धरून उभी राहायची. प्रार्थनेला तिच्याजवळ फारसे शब्द उरले नव्हते. "प्रभू, आज. फक्त आज," असं काहीतरी.

थंडी सरता सरता शकुबाईला ताप आला. प्रमिलाबाई अमरावतीला गेल्या होत्या. कुंदन ड्युटीवर. दुपार झाली तशी धुरपताबाई कडेवर थापटायला लागली. तिला भूक लागली होती. चंचलनं भात मऊ कालवला आणि वाटी हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आत जावं तर जाववत नव्हतं, न जावं तर म्हातारी उपाशी.

शेजारच्या घरात सुनीतीबाई राहायच्या. नवरा कलेक्टर ऑफिसात, त्या शाळेत शिकवायच्या. त्यांचा मंडळीशी काही संबंध नव्हता. त्या दिवशी त्यांना सुट्टी होती. चंचल त्यांच्या फाटकाशी गेली.

"ताई, थोडा वेळ आमच्या घरी येऊन बसता का? आईले जेवू घालाचं हाय."

"मी? मला पेशंटचं काही करता येत नाही हो."

"करू नका काही. नुसतं बसा. मले एकटीनं त्यायच्याजवळ भीती वाटते."

"आजींची भीती वाटते?"

"नाई," चंचल म्हणाली. "माही."

गल्लीतलं बोलणं सुनीतीबाईंच्याही कानावर आलं असावं. त्यांनी ओट्यावरची तुरीच्या शेंगांची टोपली उचलली आणि चंचलच्या मागोमाग आल्या. खाटेसमोर खुर्ची ओढून शेंगा सोलायला बसल्या.

चंचल खाटेच्या कडेला टेकली. धुरपताबाई तिच्याकडे बघत नव्हती. ती सुनीतीबाईंच्या हातांकडे, खाली पडणाऱ्या टरफलांकडे बघत होती. चंचलनं चमचा पुढं केला. बऱ्याच वेळानं, तिकडेच बघता बघता, म्हातारीनं तोंड उघडलं.