बोटीचं शेपूट

नवे वॉशर घालूनही शेपूट पुन्हा खाली यायला लागलं, तेव्हा तुकोजी त्याच्यासमोर उकिडवे बसले होते. हातातली बिडी पेटवायची राहूनच गेली.

"घ्या, आलं खाली," दिनानाथ म्हणाला. "वर जायला एकदम मस्त, पण टिकतच नाही भिया."

आता इंदूरच्या माणसाचा आणि बोटीचा संबंध काय? त्याला नळाचं पाणी वेळेवर आलं तरी पुष्कळ. पण राऊ गावाच्या अलीकडच्या तलावावर कुठल्याशा क्लबानं मुंबईहून एक जुनी बोट आणली होती आणि दिनानाथ ती चालवायचा. इंजीन बोटीच्या पोटात आणि मागे पाण्यात लोंबणारं लोखंडी धूड, त्याच्या टोकाला पंखा. दिनानाथ त्याला शेपूट म्हणायचा. बटण दाबलं की पंप तेल ढकलतो, दोन दांडे बाहेर सरकतात आणि शेपूट वर उचललं जातं. उथळ पाण्यात ते वर राहायलाच हवं, नाहीतर पंखा गाळात रुतलाच म्हणून समजा. टिकत नव्हतं म्हणून बोट घाटापासून लांबच थांबायची. लोक चिखल तुडवत तिथवर जात, आणि ज्यांना ते जमत नसे ते दिनानाथच्या पाठीवर बसून जात.

पाठीवर बसून! तिथंच तर सगळं अडलं होतं.

तुकोजींची थोरली बहीण द्वारकाबाई, त्यांची अक्का. ऐन उमेदीत मिलच्या सूतखात्यात कामाला होती, पुढे एका तापात दोन्ही पाय गेले. तुकोजींनी फळीला जुन्या बेअरिंगची चाकं लावून गाडा करून दिला. त्यावर बसून, हातांनी जमीन रेटत अक्का घरभर आणि गल्लीभर हिंडायची. मिलमधून सुताच्या टाकाऊ गुंतवळाचे गठ्ठे यायचे. ते निवडून, पुसायला बरे असे पुडे बांधून ती पोलोग्राउंडच्या वर्कशॉपांना द्यायची. बाई मोठी तिरसट. कुणी उचलायला वाकलं की हाताला येईल ते फेकून मारायची. आणि हिला हौस काय, तर तलावाच्या मधोमध जायचं. मधून काठ कसा दिसतो ते तिला एकदा पाहायचं होतं.

ती तुकोजींना म्हणाली होती, "पायरीला बोट लागली तर मी माझी चढेन. उचलायचं नाही कुणी मला. आणि जल्दी कर तुको, खांद्यात आता पहिल्यासारखा जोर नाही राहिला."

तुकोजींच्या काळजात ते शेवटचं वाक्य रुतून बसलं होतं. आजोबा होळकरांच्या पागेत, वडील संस्थान गेल्यावर मध्यभारत राज्यात बेकार, आणि मध्यप्रदेश होईस्तोवर घरातल्या तलवारीची जागा पान्यानं घेतली होती. ट्रकचे जॅक आणि टिपरचे दांडे दुरुस्त करण्यात तुकोजींची हयात गेली. एवढाले ट्रक त्यांनी तेलाच्या जोरावर उचलले, पण घरातल्या एका माणसाला हात लावायची सोय नव्हती.

जॅक बसला की वॉशर गेला, हे त्यांच्या धंद्यातलं पाठ झालेलं वाक्य. म्हणून त्यांनी डोळे मिटून दोन्ही दांड्यांचे वॉशर बदलले होते. आणि शेपूट तर पुन्हा आपल्या सावकाश चालीनं खाली आलं.

"आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी," तुकोजी स्वतःलाच म्हणाले. पण गंमत अशी की त्यांना राग आला नव्हता. डोळ्यांत लहान पोरासारखं कुतूहल होतं. एवढ्या वजनाचं धूड, आणि तेल चोरून जातंय तरी कुठून? बाहेर थेंब नाही. म्हणजे आतल्या आत कुठंतरी परत जात असणार.

त्यांनी शेपूट वर नेलं आणि खाली लाकडी ठोकळा लावला. मग तेलाच्या नळ्या काढून दांड्यांची तोंडं बूच मारून बंद केली आणि ठोकळा अलगद ओढून घेतला. दिनानाथ दोनदा चहा घेऊन आला. शेपूट तसंच वर! दांडे बिचारे निर्दोष होते, चोर पंपाकडे होता.

पंप उघडला तर आत स्प्रिंगखाली पोलादाची एक लहानशी गोळी. तेल वर गेलं की हिनं वाट बंद करायची. तुकोजींनी ती उन्हात धरली. गोळी स्वच्छ होती, पण ती बसते त्या कडेवर केसासारखं काहीतरी चिकटलं होतं, म्हणून वाट पुरती बंद होत नव्हती. ते त्यांनी चिमटीनं उचललं, कागदात घेतलं आणि तडक घर गाठलं.

अक्कानं ते बोटावर ओलं करून ताणलं, तोडलं, पुन्हा पाहिलं.

"सूत आहे," ती म्हणाली. "वेस्टचं. कुठं मिळालं?"

तुकोजींनी सांगितलं. सीझनआधी दिनानाथनं तेलाची टाकी मन लावून पुसली होती. आणि पुसायला गुंतवळाचा पुडा नेला होता तो तुकोजींच्याच वर्कशॉपमधून.

अक्का पदर तोंडाला लावून अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "काखेत कळसा! माझ्याच पुड्यानं माझी बोट अडवली होय रे? आता ऐक. तिथं गुंतवळ अजिबात नाही लावायचं. धुतलेलं धोतर घे, आणि तेल गाळून ओत."

तुकोजींनी अगदी तसंच केलं.

रविवारी दिनानाथनं शेपूट वर घेतलं आणि बांबूनं रेटत बोट थेट शेवटच्या पायरीला टेकवली. तुकोजींची नजर दांड्यांवर खिळली होती. दांडे तसूभरही हलले नाहीत. अक्का गाड्यावरून पायरीच्या कडेला आली आणि भावाकडे वळली.

"हात मागे."

त्यांनी हात पाठीमागे बांधले. अक्कानं दोन्ही तळवे बोटीच्या काठावर ठेवले आणि अंग वर घेतलं. कोपर थरथरलं, एक हात सटकला, ती पुन्हा पायरीवर बसली. तुकोजींचं एक पाऊल आपसूक पुढे पडलं.

"मागे म्हटलं ना."

दुसऱ्यांदा तिनं दात आवळले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि ती काठावरून आत घसरली. बाकाच्या आधारानं उठून बसली, पदर सारखा केला आणि दिनानाथला म्हणाली, "चला आता."

बोट खोल पाण्यात गेली, शेपूट खाली गेलं आणि इंजिनाचा आवाज लांब लांब होत गेला. मधोमध पोचल्यावर तो थांबला. अक्काचं तोंड काठाकडे होतं. तिथून तिला काय दिसत असेल याचा तुकोजी विचार करत राहिले. पायरीवर रिकामा गाडा होता. त्याच्या शेजारी ते उभे होते, आणि मागे बांधलेले हात सोडायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.