घड्याळाकडे तोंड

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे आपा म्हणत, अगदी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. दिवसाला सहाशे चादरी तिच्या हाताखालून जात. मशिनमधून ओल्या निघायच्या, ड्रायरमधून गरम निघायच्या, रोलरखालून सपाट निघायच्या, आणि मग तिच्या टेबलावर घडी व्हायला यायच्या. संध्याकाळपर्यंत तिची मान अशी आखडायची, की कुणी हाक मारली तर ती सगळीच्या सगळी वळायची. यावर लोक हसायचे. हसू देत, फुकटच तर आहे.

तळघराला खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे माणसं चपलांवरून ओळखायची. त्यामुळे आपा इथे नवीन आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी टेबलावरच्या म्हाताऱ्या खालांना विचारलं होतं, "नमाजला तोंड कुठं करायचं, काबा कुठल्या भिंतीकडे?" खाला निवृत्तीच्या वाटेवर होत्या, त्यांना लांबण लावायचा कंटाळा होता. "घड्याळाकडे," त्या म्हणाल्या, आणि परत उशांच्या अभ्र्यांकडे वळल्या.

दोनच महिने झाले होते, आणि आपाच्या नवऱ्याला झटका आला. गवंडीकाम करणारा, शिडीवरून शिट्टी वाजवत उतरणारा माणूस एका सकाळी चहाचा कप उचलायला गेला आणि कपासकट खाली आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आपाने सव्वा महिना रजा काढली. परत आली तेव्हा खाला निवृत्त झाल्या होत्या, भिंतींना नवा रंग लागला होता आणि निम्मी मशिनं इकडची तिकडे झाली होती. पण तिला कशाचं भान होतं? घड्याळ दिसलं, एवढं तिला पुरलं. दुपारच्या सुट्टीत तिने ट्रॉल्यांच्या आड मुसल्ला अंथरला आणि घड्याळाकडे तोंड करून उभी राहिली.

त्याला आता चार वर्षं झाली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपा घरीही नमाज पढायची, पण घरी ती मागायची नाही. घर म्हणजे एक खोली, खोलीत खाट, खाटेवर तो. त्याच्यादेखत हात पसरून रडायचं कसं? आपलं ओझं कुणाला किती जड जातंय हे त्याला न सांगताच कळत होतं, वर तिने रडून दाखवायला नको. म्हणून घरी ती नमाजचा शेवटचा सलाम फेरून लगेच उठायची आणि भांड्यांना लागायची. मागायचं ते सगळं ती दुपारच्या नमाजसाठी साठवून ठेवायची. तिथे ड्रायरच्या घरघरीत कुणाला काही ऐकू येत नसे. 'त्याला उठव. उठवत नसशील तर बोलतं कर. बोलतं करत नसशील तर माझी मान तेवढी शाबूत ठेव.' चार वर्षांत मागणं असं उतरत उतरत मानेपर्यंत आलं होतं.

त्या दिवशी रोलर बंद पडला. दुरुस्तीला मिस्त्री आला. पिकल्या दाढीचा, बोलका, कानावर पेन्सिल खोचून सगळ्या लाँड्रीत पेन्सिल शोधणारा. आपानेच त्याला सांगितलं, "काखेत कळसा, मिस्त्री!" तो हसला, आणि दुपार झाली तसा हातपाय धुऊन आला. ट्रॉल्यांपलीकडे रुमाल अंथरून तो उभा राहिला, आणि मुसल्ल्यावरून आपाने मान वर केली तर दोघं समोरासमोर. पत्ते खेळायला बसल्यासारखी.

"आपा," मिस्त्री म्हणाला, "आपल्या दोघांतलं एकजण चुकतंय."

"तुम्ही," आपा म्हणाली.

"मी? अहो, रस्त्याचा पाइप या भिंतीतून आत येतो. म्हणजे रस्ता इकडे. रस्त्यावरच्या मशिदीत हॉस्पिटलला पाठ करूनच उभं राहतात ना? म्हणजे तोंड इकडेच. तुम्ही पाठ करून उभ्या आहात."

"मला खालांनी सांगितलंय. घड्याळाकडे."

मिस्त्रीने वळून घड्याळाकडे पाहिलं, मग आपाच्या पाठीमागच्या भिंतीकडे. तिथे रंगाखाली बुजलेला एक खिळा होता. त्याचा चेहरा उतरला. "घड्याळ तर रंगाच्या वेळी हलवलं," तो म्हणाला. "मीच हलवलं. सुपरवायझरला केबिनमधून वेळ दिसत नव्हती. मला काय माहीत, त्याच्यावर कुणाची नमाज टांगलीय."

आपाने मुसल्ला उचलला, फिरवला, आणि त्याच्या मागे जरा अंतर ठेवून नमाज पढली. मग मागायला हात पसरले, आणि ते तसेच खाली आले.

म्हणूनच, तिच्या मनात आलं. म्हणूनच तो उठला नाही. तिला बाकी काही सुचेना. दुसऱ्या कुणाला हा विचार वेडगळ वाटेल, पण चार वर्षं ज्याचं कारण सापडत नाही त्याला कुणी बोटभर कारण दिलं तरी माणूस ते घट्ट धरतो. सगळं मागणं तिने पाठ करून मागितलं होतं. एका भिंतीला, घड्याळाला, सुपरवायझरच्या सोयीला.

सुटल्यावर ती पेशइमामांकडे गेली. तेही दिवसभराचे थकलेले, मशिदीच्या पायरीवर बसून चपलेचा अंगठा शिवत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "जाणूनबुजून केलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग माफ आहे. आता कळलं, आता सुधारलं. आणि दुआ तर कुठूनही मागावी. तो काय त्या भिंतीपलीकडे बसलाय? आपल्या गळ्याच्या शिरेपेक्षा तो आपल्याजवळ आहे. लहानपणापासून ऐकतेस ना?"

"ऐकते," आपा म्हणाली. "शीर तर रोज हाताला लागते, मौलवीसाहेब. ठणकते. तो नाही लागत."

पेशइमामांनी सुई चपलेत टोचून ठेवली. भला माणूस. "मलाही रोज लागत नाही," ते म्हणाले, "पण तू मागणं सोडू नकोस."

तिने सोडलं. नमाज पढायची, वेळेवर, योग्य भिंतीकडे. पण सलाम फेरला की उठायची, लाँड्रीतही घरच्यासारखीच. कोणत्या तोंडाने मागायचं? आठ दिवस असे गेले. घड्या पडत राहिल्या. मिस्त्रीने न सांगता घड्याळ परत जुन्या खिळ्यावर आणून लावलं आणि त्यासाठी सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या. आपाने त्याला मानेने बरं म्हटलं. घड्याळ आता कुठेही असलं तरी तिला काय त्याचं?

नवव्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, नवऱ्याला कुशीवर वळवलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. दिवसा शेजारीण येऊन वळवायची. यावेळची पाळी भिंतीकडच्या कुशीची होती. तो भिंतीकडे तोंड करून पडला. ती मोरीत भांडी घासायला बसली, त्याच्याकडे पाठ करून, नळ सोडून.

त्या झटक्यानंतर नवऱ्याला एकच शब्द उरला होता. 'अगं.' बाकीचे सगळे गेले, आणि नेमका हा राहिला. पाणी हवं तर अगं, दिवा डोळ्यावर येतो तर अगं, शेजाऱ्यांचं भांडण ऐकून हसू आलं तरी अगं. पहिले सहा महिने तर प्रत्येक 'अगं'चा अर्थ एकच होता, मला उठव. तोही तिला कळायचा. कळून ती काय करणार होती? शेजारी बसायची.

"अगं," तो भिंतीला म्हणाला. पुटपुटला, खरं तर.

"हो, आले. पाय मुडपलाय ना खाली," आपा म्हणाली. हात धुऊन ती उठली, चादरीखाली हात घालून तिने त्याचा उजवा पाय सरळ केला. पायच मुडपला होता.

तो पाय हातात घेऊनच ती उभी राहिली.

नळ चालू होता. त्याचं तोंड भिंतीकडे होतं, तिची पाठ त्याच्याकडे. शब्द एक, तोही अर्धा. तरी तिला पाय कळला होता. चार वर्षांत तिने एकदाही त्याला म्हटलं नव्हतं, की माझ्याकडे तोंड करून सांग, तरच ऐकेन. असं म्हणायचं तिच्या मनातसुद्धा आलं नसतं. आणि ती कोण? दमलेली, चिडकी, मान आखडलेली एक बाई.

ती खाटेच्या कडेवर बसली आणि त्याच्या पाठीला तिने सगळं सांगून टाकलं. घड्याळ, खिळा, मिस्त्री, सुपरवायझर. आणि चार वर्षं ट्रॉल्यांच्या आड ती काय मागत होती तेही. रडायचं नव्हतं, पण रडली. बोलता बोलता तिच्या हाताखाली त्याची पाठ हलायला लागली. ती घाबरली, वाकून बघते तर हा हसत होता. अर्ध्याच तोंडाने, पण डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"अगं!" तो म्हणाला. आणि मग परत, हळू, "अगं."

पहिल्याचा अर्थ होता, वेडी आहेस. दुसऱ्याचा, मला माहीत होतं. तिने इतकी लपवलेली गोष्ट त्याला माहीत होती.

तो का उठत नाही, हे तिला त्या संध्याकाळीही कळलं नाही, आणि कळल्याचा आव तिने आणला नाही. ऐकलं गेलं होतं, एवढंच कळलं. पहिल्या दिवसापासूनचं, पाठमोरं मागितलेलं सगळं.

तिने जाऊन नळ बंद केला. ओले हात तसेच पसरले, मोरीच्या दारात, कुठल्याच भिंतीकडे न बघता. नऊ दिवसांचं खूप साठलं होतं.

"या अल्लाह," ती म्हणाली, त्याच्या 'अगं'सारखंच, आणि पुढचं काही सांगत बसली नाही.