ठिणगीचा आळ

मित्रांनो, मी एक जुना चामडी एप्रन आहे. वेल्डर छातीपासून गुडघ्यापर्यंत बांधतो ना, तो. जाड दोऱ्याने मला शिवलं आणि त्याच आठवड्यात मी माझ्या मालकाच्या गळ्यात पडलो. ठिणग्या झेलून झेलून माझा मूळ रंग कोणता होता, हे मलाही आठवत नाही. पण भोक एकही पडू दिलं नाही.

एकदा गावाबाहेर एका कुंपणाचं फाटक जोडायचं काम निघालं. भोवती कमरेएवढं गवत होतं. डबा खाल्ल्यावर मालकाने मला फाटकावर टाकलं आणि स्वतः गवतात मस्त ताणून दिली. काम झालं, आम्ही परतलो. काही दिवसांनी त्याला ताप भरला. गडी अंगावर काढत राहिला. शेवटी एका सकाळी दुकानातच कोसळला. धाकट्या भावाने त्याला गाडीत घातलं आणि थेट दवाखान्यात नेलं, माझ्यासकट!

डॉक्टरबाईंनी मला बाजूला सारून त्याचा सदरा वर केला. कमरेपाशी काळी खपली होती.

"हे काय?"

"ठिणगी असणार," भाऊ म्हणाला. "कधीचा सांगतोय, हा एप्रन फेकून दे."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला फार लागलं ते. मला तोंड असतं तर तिथेच भांडलो असतो.

पण तेवढ्यात मालकाची बायको धावत आली. खपली बघून म्हणाली, "ठिणगी? अहो डॉक्टर, यांना एवढीशी ठिणगी लागली तरी घर डोक्यावर घेतात. हे कधी झालं ते मला माहीतच नाही, म्हणजे ठिणगी नाही ही."

"दुखली नाही खरी," मालक पुटपुटला.

डॉक्टरबाईंनी मला उजेडात धरून उलटसुलट पाहिलं, पण जळल्याचं भोक कुठेच नव्हतं. मग विचारलं, "एवढ्यात गवतात बसला होतात?" गवतात अगदी बारीक किडा असतो, तो चावतो तेव्हा कळतही नाही आणि मागे अशी काळी खपली राहते, असं त्यांनी समजावलं. रक्त तपासलं, त्याला भरती करून घेतलं आणि लगेच औषध सुरू केलं. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतलं असतं.

औषधाने ताप झटकन उतरला. घरी आल्यावर मालकाने गोळ्या बाजूला सारल्या. गरज सरो, वैद्य मरो! "बरा झालो की मी. उगाच पोट बिघडवायचं."

बायको मला खुंटीवर टांगत होती. वळून म्हणाली, "लोखंडाचा लाल रंग गेला म्हणून लगेच हात लावता का तुम्ही?"

लाली गेली तरी लोखंड आतून तापलेलंच असतं, हे वेल्डरला पक्कं ठाऊक असतं. मालकाने गोळी गिळली, आणि पुढच्या सगळ्याही घेतल्या.

पण दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं. गोळ्या संपल्यावर तो दुकानात आला तेव्हा माझ्या बंदांचे त्याच्या कमरेला दोन वेढे बसले, इतका तो वाळला होता. त्याने भंगारातले दोन तुकडे घेतले आणि सांधा मारला. सरळ रेघेऐवजी शेळीच्या लेंड्या पडल्या. "माझा हात गेला रे," तो भावाला म्हणाला आणि रडला. पाणी माझ्यावरच पडलं. एरवी मी विस्तव झेलतो, पण ते सोसवेना.

"हात कुठे जातोय? थकलाय तो," भाऊ म्हणाला आणि त्याला हाताला धरून घरी सोडून आला.

मग तो जेवत, झोपत, रोज थोडं चालत राहिला. डॉक्टरबाईंना दाखवत राहिला. हळूहळू माझ्या बंदांचा एक वेढा कमी झाला.

मित्रांनो, गवतातून आलात की अंघोळ करा, कपडे धुवा. ताप आला तर गवतात गेलो होतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. त्यांनी दिलेलं औषध पूर्ण घ्या. आणि दुखण्यातून उठलेल्या माणसाला लगेच कामाला जुंपू नका, तो माणूस तुम्ही स्वतः असलात तरी.

परवा मालकाने एका खिडकीच्या गजाला सांधा मारला. अगदी सरळ आला! भाऊ खूश होऊन पुढचा गज घेऊन धावला. मालकाने मात्र मशीन बंद केलं, माझी गाठ सोडली आणि म्हणाला, "आज एवढंच."

इतक्या वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.